'टेरेस्ड हाउस' म्हणजे गच्चीचे घर नव्हे

प्रश्न असा: लंडनमधल्या अठराव्या शतकातल्या विटांच्या 'टेरेस्ड टाउनहाउस'ला मराठीत 'गच्चीचे शहरी घर' म्हणता येईल का?

मुळीच नाही. हे भाषांतर प्रवासलेखांत पुन्हा पुन्हा भेटते आणि दर वेळी चीड येते. या घरांना सहसा गच्ची नसतेच. दर्शनी भिंत वर कठड्यासारखी चढलेली दिसते, पण तिच्यामागे उतरते छप्पर दडलेले असते. आगीच्या धास्तीने 1707 च्या कायद्याने लंडनमध्ये वळचणीच्या लाकडी पट्ट्या बंद केल्या आणि भिंतच वर न्यायला लावली, एवढाच तो कठडा.

इथे 'टेरेस' म्हणजे भिंतीला भिंत लागून उभी असलेली घरांची एकसंध रांग. मग गच्ची आणि रांग एकाच शब्दात कशा आल्या? खरी मौज इथे आहे! मूळ लॅटिन 'टेरा', म्हणजे माती. त्यावरून फ्रेंचमध्ये मातीचा भराव घालून केलेला उंच, सपाट ओटा. आपण त्यातला उंच सपाटपणा उचलला आणि शब्द घराच्या माथ्यावर नेला. इंग्रजांनी ओट्याचे नाव ओट्यावरच्या घरांना दिले. आणि आपले माळवद तर अस्सल मातीचेच. 'टेरा' तिथे जितका शोभतो तितका सिमेंटच्या गच्चीवर नाही.

घरांच्या रांगेचा अर्थ रुळवला तो वास्तुविशारद अ‍ॅडम बंधूंनी, असे माझे ठाम मत आहे. 1768 पासून त्यांनी थेम्सच्या उतरत्या काठावर कमानी रचून जमीन उचलून घेतली आणि वर नदीकडे तोंड करून घरे बांधली. वसाहतीचे नाव अडेल्फी, ग्रीकमध्ये 'भाऊ'. रांगेचे नाव रॉयल टेरेस. नट डेव्हिड गॅरिक तिथेच राहायचा. खाली ओटा, वर घरे आणि दोन्हींना मिळून एकच नाव! ही रांग 1936 मध्ये पाडली.

काही जाणकार सांगतात, उतारावरची घरे पायऱ्यांच्या शेतीसारखी दिसतात, म्हणून टेरेस. साफ अमान्य! लंडनच्याच ब्लूम्सबरी भागातला बेडफर्ड स्क्वेअर हा चौक 1775 नंतर सपाट जमिनीवर उभा राहिला. चारही बाजूंना विटांच्या टेरेस, आणि पूर्ण रांग एकाच महालासारखी दिसावी म्हणून मधल्या घरावर तेवढा गिलावा, भित्तिस्तंभ आणि त्रिकोणी शिखर. यात पायरी कुठे आहे, ते त्यांनी दाखवावे.

तेव्हा 'टेरेस्ड'साठी सरळ 'रांगेतले' लिहा. 'टाउनहाउस' हे मूळचे खेड्यात हवेली असलेल्या उमरावाचे शहरातले घर; त्याची चर्चा पुन्हा कधीतरी.