हंगेरियन रिपोर्टमधल्या ‘गेरिंत्सफेर्द्युलेश’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

स्कोलिओसिस. ‘गेरिंत्स’ म्हणजे पाठीचा कणा, ‘फेर्द्युलेश’ म्हणजे तिरकं होणं. पण शब्दशः ‘तिरका कणा’ लिहू नका, इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरला निदानाचं नावच हवं असतं. ‘गॉर्ब्युलेत’ मात्र नुसती वक्रता. ती नैसर्गिकही असते, तिथे ‘कर्व्हेचर’च ठेवा.

खरी चूक होते ‘हाती’ या शब्दात. मूळ अर्थ ‘पाठीचा’, म्हणून लोक ‘बॅक’ लिहितात. मणक्यांच्या संदर्भात ते ‘थोरॅसिक’ (छातीच्या भागातलं) हवं. ‘आद्येकी’ म्हणजे लंबर (कमरेचं), ‘न्यॉकी’ म्हणजे सर्व्हायकल (मानेचं). ‘योब्रॉ कॉन्व्हेक्स’ असेल तर बाक उजवीकडे फुगलेला आहे. ही बाजू आणि कॉब कोनाचे (एक्स-रेवर मोजलेल्या बाकाच्या कोनाचे) अंश दोनदा तपासा, उपचार ठरवताना ते महत्त्वाचे असतात.