एकटं बसलं की पाच मिनिटांत हात फोनकडे जातो. एकांताची सवय कशी लावावी?

रोज थोडा वेळ स्वतःसोबत घालवावा असं तुम्हाला मनापासून वाटतं, पण बसलं की जीव अस्वस्थ होतो, जुन्या गोष्टी उगाळल्या जातात आणि शेवटी फोन उघडला जातो, असं तुम्ही लिहिलंय. हा आपलाच दोष आहे का, असंही विचारलंय.

दोष अजिबात नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांच्या गटाचा एक अभ्यास २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. त्यात लोकांना १५ मिनिटं एका खोलीत नुसतं विचार करत बसायला सांगितलं. सोबत फक्त एक बटण होतं, ते दाबलं की विजेचा झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेही देऊ, असं आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी तो स्वतःहून घेतला. म्हणजे नुसतं बसणं माणसाला मुळातच अवघड जातं. म्हणून मी सुरुवात बसण्यापासून करू नका असंच सांगेन.

पहिले दोन आठवडे चाला. रोज १० मिनिटं, ओळखीच्या रस्त्यावर, कानात काहीही न घालता. पाय आणि डोळे कामात असले की मनावरचा ताण कमी होतो आणि विचार आपोआप सुटे होतात. फोन घरीच ठेवा. आवाज बंद करून खिशात ठेवला तर उपयोग नाही, कारण हात सवयीने खिशाकडे जातो आणि त्याला अडवण्यातच सगळी शक्ती खर्च होते. वेळ बघायला मनगटी घड्याळ वापरा. फोनवर गजर लावणारे बहुतेक जण गजर बंद करताना निरोप वाचायला लागतात.

तिसऱ्या आठवड्यापासून बसा. १० मिनिटांनी सुरुवात करून दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा आणि ३० वर थांबा. रोजच्यासाठी तेवढं भरपूर आहे. वेळ एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा, उदाहरणार्थ अंघोळीनंतर लगेच. रात्री अंथरुणात मात्र नको. थकलेलं मन चिंतेकडेच वळतं आणि झोपही जाते.

पहिली तीन-चार मिनिटं सर्वांत वाईट जातात. राहिलेली कामं एकदम वर येतात: बिल भरायचंय, अमक्याला फोन करायचाय. जवळ कागद-पेन ठेवा, प्रत्येक कामाचा एक शब्द लिहा आणि परत बसा. काम कागदावर उतरलं की मन त्याची राखण करायचं सोडतं. बरेच जण नेमके याच टप्प्यावर 'आपल्याला जमत नाही' म्हणून उठतात, याचं मला वाईट वाटतं, कारण पुढचा भाग सोपा असतो.

खरी अडचण उगाळण्याची. विचार करणं आणि उगाळणं यांत फरक कसा ओळखायचा? तेच वाक्य तिसऱ्यांदा मनात आलं आणि त्याची सुरुवात 'का' ने होत असेल ('तो असं का बोलला?'), तर ते उगाळणं. तिथे बसून राहू नका, लिहायला घ्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची पद्धत साधी होती: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल मोकळेपणाने लिहायचं. शुद्धलेखन, भाषा कशाचीच फिकीर करायची नाही. लिहिताना 'का' च्या जागी 'आता काय करता येईल' घाला. घाव अगदी ताजा असेल तर मात्र थोडे दिवस जाऊ द्या. आणि चौथ्या दिवशीही तेच शब्द कागदावर येत असतील, तर ती गोष्ट एकट्याने सुटणारी नाही, विश्वासाच्या माणसाला सांगा.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. एकांत हे सगळ्यावरचं औषध नाही. २०१८ मधल्या एका संशोधनात १५ मिनिटं एकटं बसल्यावर लोकांच्या तीव्र भावना निवलेल्या दिसल्या, राग-चिंता आणि उत्साह दोन्ही. आपणहून निवडलेला एकांत जास्त मानवतो, हेही त्यात आढळलं. यावरून माझं मत असं, की डोकं तापलेलं असेल तर एकांत घ्या, पण मन आधीच खिन्न असेल तर आधी माणसांत जा. उदासी, झोप उडणं, भूक जाणं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जा.

सवय २१ दिवसांत लागते यावर विसंबू नका. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं, कुणाला १८, कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात आढळलं. तेव्हा चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका.

जग बदललं म्हणतात ते इथे फार जाणवतं. पूर्वी एकांत मागावा लागत नसे. रांगेत, थांब्यावर, कुणाची वाट बघताना तो आपसूक मिळायचा. आता ती प्रत्येक फट पडद्याने भरते. सगळ्या फटी मोकळ्या करायच्या भानगडीत पडू नका, दिवसातली एकच निवडा. लिफ्टची वाट बघतानाची निवडली तरी चालेल, पण रोज तीच.

प्रगती मोजायची असेल तर एकांतातून उठल्यावर तुम्ही समोरच्याचं नीट ऐकता का, ते बघा. माणसांचा वैताग वाढत असेल, भेटी टाळायला निमित्त मिळत असेल, तर वेळ कमी करा.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा: 'मी रागावलेलो नाही, वीस मिनिटांत येतो.' न सांगता दार लावलं की बाहेरचे काळजी करतात, दोनदा दार वाजतं आणि तुमचं अर्धं लक्ष दाराकडेच राहतं.