उतारावर ऑटोमॅटिक गाडी, जळका वास आणि 'काही दोष नाही'

लांब उतारावर गाडी शेवटपर्यंत डी (नेहमीचा ड्राइव्ह) मध्येच होती, खाली पोचेपर्यंत चाकांतून जळका वास आला, पेडल स्पंजासारखं दबलं आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरने 'काही दोष नाही' म्हणून गाडी परत दिली, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळाच आला. सहा वर्षांपूर्वी माझंही अगदी हेच झालं होतं.

उतारावर डी ऐवजी एल, एस किंवा एम लावून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे इंजिनच वेग रोखतं (हेच इंजिन ब्रेकिंग) आणि ब्रेक कमी तापतात. ते कसं लावायचं ते मॅन्युअलमध्ये आहे, त्यात शिरत नाही. फक्त ते उतार सुरू व्हायच्या आधी लावा. वेग वाढल्यावर खालचा गिअर मागितला तर बऱ्याच गाड्या तो देतच नाहीत, नुसती बीप वाजते आणि आपण घाबरून पुन्हा ब्रेकवर उभे राहतो.

मला खरं महागात पडलं ते वर्कशॉपवर डोळे झाकून विश्वास ठेवणं. तिथल्या माणसाने सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली, पेडल टणक लागलं. लागणारच! ब्रेक फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली बसतं. थंड झाल्यावर बुडबुडे जिरतात आणि पेडल पूर्ववत. त्याने पॅड बदलले आणि वर उपदेश केला, 'ऑटोमॅटिकला इंजिन ब्रेकिंग नसतंच, डी सोडू नका, गिअरबॉक्स जाईल.' मी ऐकलं. तीन आठवड्यांनी तोच उतार, पेडल पार तळाला. भराभर पंप केलं तेव्हा थोडा दाब आला, मग लीवर एल वर ओढला आणि हँडब्रेक हळूहळू खेचत गाडी कडेला लावली. हात बराच वेळ थरथरत होते.

नंतर जॉब कार्ड, म्हणजे वर्कशॉपने केलेल्या कामाचा कागद, नीट वाचलं. 'ब्रेक फ्लुइड : ओके'. म्हणजे बाटलीतली पातळी ओके! फ्लुइड चार वर्षांचं होतं. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ हा फ्लुइडचा प्रकार नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, रंग कसाही दिसो. पेडल मऊ पडलं तर आधी फ्लुइडवर संशय घ्या. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर बहुधा पॅड तापलेत.

मी मेकॅनिक नाही, तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच खरं. पण ३०००-४००० आरपीएमचा आवाज ऐकून घाबरू नका, लाल रेषेच्या आत इंजिनाला काही होत नाही. 'पेट्रोल वाचतं' म्हणून उतारावर एन (न्यूट्रल) मध्ये टाकणाऱ्यांशी तर मी वाद घालणंही सोडलंय. गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन जळतं. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर आपोआप चालणारा) असेल तर मॅन्युअल मोडच बरा, डी मध्ये ती मधेच वरचा गिअर टाकते असा माझा अनुभव.

एवढं करूनही ब्रेक लागतोच, पण सतत घासत ठेवू नका. नीट दाबा, वेग उतरवा, सोडा. इंजिनाने वेग कमी होताना मागचे दिवे लागत नाहीत, त्यामुळे मागे कोणी चिकटलं असेल तर पेडलला हलका स्पर्श करा. वास आलाच तर थांबा, पण चाकावर पाणी ओतू नका.

आणि आज घरी गेल्यावर जुनी जॉब कार्डं काढून फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते बघा. 'तपासलं' नाही, 'बदललं'. तारीख सापडली नाही तर ते बदलेपर्यंत त्या उतारावर जाऊ नका.