उचल कधी फिटली?

"मॅडम, मी इथं चुकून पोचलोय. कधीतरी सगळ्यांना कळेल."

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते येणार हे चेहऱ्यावरूनच समजतं. स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी झालेली मुलगी हेच म्हणते, घराण्यातला पहिला डॉक्टर हेच म्हणतो, आयटीत मोठी टीम सांभाळणाराही हेच म्हणतो. घरच्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: 'अरे, तू एवढा हुशार, तुला कसली काळजी?' या उत्तराने कुणाची झोप परत आलेली मी पाहिली नाही. असं का होतं, ते मला एका वकीलसाहेबांमुळे नीट उमगलं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वकीलसाहेब मूळचे बीड जिल्ह्यातले, ऊसतोड कामगारांचे चिरंजीव. आज पन्नाशी ओलांडलेले, राहायला न्यू जर्सीत. वसतिगृहात राहून शिकले, पुण्यात एलएल.बी. केलं, काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, मग कर्ज काढून एलएल.एम.साठी अमेरिका गाठली. बाहेरच्या देशात कायदा शिकलेल्यांना काही अटींवर बारच्या, म्हणजे वकिलीचा परवाना देणाऱ्या, परीक्षेला बसू देणारी तिथली राज्यं मोजकीच. न्यूयॉर्क त्यांतलं एक. ती दोन दिवसांची परीक्षा ते दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. एका कंपनीच्या विधी विभागात अगदी खालच्या खुर्चीत लागले, करार तपासत तपासत विभागप्रमुख झाले, आणि गेल्या वर्षी संचालक मंडळाने पूर्ण कंपनीच त्यांच्या हाती दिली.

तेव्हापासून ते रोज पहाटे साडेतीनला जागे होत होते.

आमच्या भेटी व्हिडिओवर व्हायच्या. त्यांच्याकडे सकाळचे आठ, माझ्याकडे संध्याकाळचे साडेपाच. ते ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायचे. घरून का नाही, विचारलं तर म्हणाले, "घरच्यांना वाटतंय, सगळं झकास चाललंय." हाताखाली वीस वकील असताना प्रत्येक करार हे स्वतः ओळ न् ओळ वाचायचे. रजा घेतली तरी लॅपटॉप सोबत. राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलेलं, फक्त तारीख घालायची बाकी.

सुरुवातीला मीही घरच्यांसारखीच वागले. त्यांच्या वाटचालीतले टप्पे एकेक करून समोर मांडले. त्यांनी वकिलाच्या सफाईने प्रत्येक मुद्दा खोडला. परीक्षा? "नशीब." बढती? "आधीचे साहेब अचानक गेले म्हणून." तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुरावे कितीही आणले तरी निकाल बदलणार नाही. खटलाच दुसरा चालू होता.

अशा अनुभवावर पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लिहिलं. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी बोलल्यावर त्यांना दिसलं की यश वाढलं तरी 'आपण फसवतोय' ही भावना कमी होत नाही. त्यांचं निरीक्षण मला पटतंच. पण आपल्याकडे गावातून, हातावर पोट असलेल्या घरातून आलेल्या माणसाच्या बाबतीत त्यात आणखी काहीतरी असतं, असं मला कायम वाटत आलं होतं. ते काय, हे सांगणारा शब्द मला वकीलसाहेबांनी दिला.

सहावी भेट होती. रजेचा विषय निघाला म्हणून मी सहज विचारलं, "नव्या पदाच्या करारात वर्षाला रजा किती आहे?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"तो करार मी वाचला नाही."

मी थांबले. पंचवीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांचे करार वाचून पोट भरलं, त्यांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा करार वाचलाच नव्हता.

"मग सही?"

"त्यांनी जिथं बोट ठेवलं, तिथं केली."

हे बोलले आणि स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे बघत राहिले. पडद्यावर मला तो अंगठा दिसत होता, नखाशी जुना व्रण असलेला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझ्या बापानं असंच केलं होतं."

मग ते मुकादमाच्या ओसरीबद्दल बोलले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ऊसतोडीला जाणाऱ्यांना हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ रक्कम मिळते, तिला 'उचल' म्हणतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. ती रक्कम पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात, म्हणजे उसाच्या शेतात, राबून फेडायची. किती टन तोडला, किती वळते झाले, हे सगळं मुकादमाच्या वहीत. बाकी राहिली तर ती पुढच्या साली चढते. बापाने अंगठा उठवला त्या दिवशी चौथीत असलेल्या वकीलसाहेबांनी कागद वाचायला हात पुढे केला होता. बापाने तो हात मागे ओढला आणि म्हणाला, "गप. देतोय ते बघ."

"साडेतीनला तुमचे आई-वडील काय करत असायचे?" मी विचारलं.

"फडात जायला उठायचे."

मला पुढे काही सांगावं लागलं नाही. आपल्याला मिळालेली प्रत्येक गोष्ट हा माणूस उचल म्हणून घेत आला होता. शिष्यवृत्ती ही उचल, व्हिसा ही उचल, पद ही उचल. एकदा घेतली की अटी विचारायच्या नाहीत, फक्त राबायचं.

परदेशात हे अधिक घट्ट बसतं, त्याला कारणही आहे. अमेरिकेत नोकरीसाठी मिळणारा एच-वन-बी व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की हल्ली ६० दिवसांपर्यंत मुदत मिळते. २०१७ पूर्वी तेवढीही नव्हती. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यांत, एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडतो, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. वकीलसाहेबांनी दहा वर्षं त्या रांगेत काढली. अशा माणसाच्या भीतीला मी आजार म्हणणार नाही. ती भीती त्या काळात शहाणपणाची होती. कार्ड हातात आल्यावरही ती गेली नाही, अडचण तिथे होती.

मी त्यांना विचारलं, "ही उचल तुम्हाला कुणी दिली?"

"सगळ्यांनी. फॉर्मची फी भरणाऱ्या गुरुजींनी. माझ्या बहिणीनं. धाकट्याला सांभाळायला तिची शाळा पाचवीत सुटली, माझी चालू राहिली."

"आणि वही कुणाकडे आहे?"

फार वेळ शांतता होती. गाडीच्या काचेवर पाऊस पडत होता, तो ऐकू येत होता. शेवटी म्हणाले, "वही कुणाकडंच नाही, ताई." तोपर्यंत मी मॅडम होते.

माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रत्येकाला आता मी हा प्रश्न विचारते. तुम्ही देणं लागता असं वाटतं ना, मग आकडा किती? कुणाचं? कुठल्या तारखेपर्यंत? बहुतेकांकडे उत्तर नसतं. आकडा नसलेलं कर्ज कधीच फिटत नाही, कारण ते फिटलं हे कुणी सांगायचं, तेच ठरलेलं नसतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. माणसाला घटना जितकी छळते, त्याहून तिच्याभोवती त्याने घातलेला 'च' जास्त छळतो, हे ती पद्धती मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मला रोज खरं ठरताना दिसतं. 'मी फेडलंच पाहिजे' यातला 'च' सैल झाला, तरी कृतज्ञता जागच्या जागी राहते. उलट ती मोकळी होते. बहिणीची शाळा सुटली हे खरं आहे, त्याचं दुःखही खरं आहे. पण भावाने न्यू जर्सीत रात्र जागून काढल्याने ती शाळा परत भरत नाही. तिला आज काय हवंय, हे तिला विचारता येतं. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "मला काही नको, तू दोन महिने येऊन राहा."

अशा माणसाच्या घरच्यांना माझं सांगणं आहे: कौतुकाने त्याचं ओझं वाढतं, कारण त्याच्या हिशोबात तेही उचलीतच जमा होतं. त्यापेक्षा विचारा, 'आज कशाची भीती वाटली?' आणि उत्तर ऐकून लगेच खोडू नका. ज्यांना हे स्वतःत दिसतं त्यांनी एक करावं. आपल्या वाटचालीतली एक गोष्ट घ्या आणि त्यात दुसऱ्याचं काय होतं, आपलं काय होतं, हे कागदावर लिहा. नशीबही लिहा, ते असतंच. पण रात्री दोनपर्यंत जागून पुस्तक कुणी वाचलं, तेही त्याच कागदावर येऊ द्या. आणि झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे घरगुती उपाय पुरे नाहीत. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. भारतात टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ आणि अमेरिकेत ९८८ हे क्रमांक चोवीस तास चालू असतात.

वकीलसाहेबांना मी एक काम दिलं होतं. आई गावीच असते, तिला फोन करून विचारायचं की शेवटची उचल कधी फिटली. पुढच्या भेटीत ते गाडीत बसले, पट्टाही न सोडता बोलायला लागले. आई म्हणाली होती, "कवाच फिटली की. तू बारावीला होतास त्या साली. बापानं तवाच कोयता ठिवला."

"मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "मी वसतिगृहात होतो." मग चष्मा काढून डॅशबोर्डवर ठेवला आणि बराच वेळ रडले. मी बोलले नाही. बावीस वर्षांच्या कामात न बोलण्याइतकं काही मला उपयोगी पडलेलं नाही.

त्यानंतर सहा भेटी झाल्या. पहाटे जाग अजून येते, पण रोज नाही. करार तपासण्याचं काम त्यांनी दोघा तरुण वकिलांवर सोपवलं आहे. शेवटच्या भेटीत शेजारच्या सीटवर कागदांचा गठ्ठा होता, समासात लाल पेनाच्या खुणा. त्यांचाच करार होता तो.

"ताई, नवव्या पानावर रजेचं कलम आहे. वर्षाला पाच आठवडे," ते म्हणाले. "दिवाळीनंतर बहिणीकडे जायचं म्हणतोय. पण दोन महिन्यांसाठी पाच आठवडे पुरत नाहीत. ते कलम बदलून मागतोय."