सतत फोटो काढल्याने प्रसंग नीट लक्षात राहत नाहीत, हे खरंय का?
बऱ्याच अंशी हो, पण फोटो कसा काढता त्यावर आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ चा म्युझियममधला प्रयोग आहे, त्यात लोकांना फोटो काढलेल्या वस्तू नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या, म्हणजे कॅमेऱ्यात आहे ना मग डोकं सोडून देतं, पण झूम करून एखादाच भाग टिपला तर असं झालं नाही आणि मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण झूम करताना आपण खरंच बघतो. रोलमध्ये ३६च फोटो असायचे तेव्हा तसंच निवडून काढायचो. आणि काढलेले परत बघा हो, कुणाला तरी शेजारी बसवून. आमची आजी अल्बममधल्या एकेका फोटोवर अर्धा तास बोलायची, मला ती लग्नं तिच्यामुळेच आठवतात.