१९६३च्या 'द हाँटिंग' या झपाटलेल्या घरावरच्या सिनेमात भूत दिसतच नाही, तरी लोक अजून त्याला का घाबरतात? आणि आज बघायचा तर कसा बघावा?

भूत दाखवलं नाही म्हणून भीती वाटते, असं सगळेच सांगतात. पण नुसतं न दाखवून कोणी घाबरत नाही. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजने भुताचं काम घराकडे दिलंय, आणि घर मात्र पडदाभर दाखवलंय.

आधी लेन्स. वाइजला पॅनाव्हिजन या कंपनीची ३० मिमीची वाइड अॅनामॉर्फिक (रुंद चित्र फिल्मवर आडवं दाबून घेणारी) लेन्स हवी होती. ती अजून पक्की झालेली नव्हती, कडेच्या सरळ रेषा वाकवायची. लेन्समध्ये दोष आहे हे मान्य असल्याचं कंपनीने त्याच्याकडून लिहून घेतलं, मगच ती दिली. त्याला तर तो दोषच हवा होता! कॅमेरा फिरला की चौकटी, भिंती किंचित वळतात. का ते कळत नाही, पण खोली नीट बसलेली वाटत नाही. गोष्टीतही या घरात एक कोन धड काटकोन नाही आणि दारं आपली आपण लागतात. बाहेरून दिसतं ते इंग्लंडच्या वॉरिकशरमधलं एटिंग्टन पार्क हे खरं घर. त्याचे काही शॉट इन्फ्रारेड फिल्मवर घेतलेत. त्या फिल्मवर निळं आकाश काळं पडतं आणि दगड उठून येतो. आतल्या खोल्या बोरमवुडच्या एमजीएम स्टुडिओत उभारल्या, छतासकट. (एरवी सेटला छत ठेवत नाहीत, वर दिवे टांगायचे असतात.) छत दिसलं की डोकं वर काढायला जागा उरत नाही.

एका प्रसंगात बंद दार आतल्या बाजूला फुगतं, ती तर साधी सुतारकी. लाकडाचे थर चिकटवून केलेलं दार आणि मागून रेटणारा दणकट माणूस, बस्स. कृष्णधवल चित्रात लाकडाचा रंग, चकाकी काही सापडत नाही, उरते ती फक्त सरकणारी सावली. १९९९च्या रंगीत आवृत्तीत संगणकाने सगळं घरच हलवलं, आणि भीती गेली.

उणीवही सांगतो. नायिका एलिनॉरच्या मनातलं बोलणं फार वेळा ऐकवलंय. ती भूमिका करणाऱ्या ज्यूली हॅरिसचा चेहरा ते आधीच सांगून चुकलेला असतो.

बघताना टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. चित्र झूम करून पडदा भरू नका. वर-खाली काळ्या पट्ट्या राहू द्या, लेन्सची सगळी करामत कडांनाच आहे. टीव्हीचे स्पीकर बारीक असतील तर हेडफोन लावा. दारावरचे धपके आधी रेकॉर्ड करून सेटवर वाजवले होते, म्हणून नटांच्या नजरा खरोखर आवाजामागे जातात.

ब्राइटनेससाठी एक प्रसंग धरा. अंधारात एलिनॉर सोबतच्या थिओचा हात घट्ट धरल्याच्या समजुतीत भिंतीवरच्या नक्षीकडे बघत असते, पलीकडून पुटपुटणं येत असतं. दिवा लागतो तेव्हा थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दिवा लागायच्या आधी नक्षीत चेहरा आहे की नाही हे तुम्हाला ठरवता येत नसेल, तर ब्राइटनेस बरोबर आहे. पानं-वेली स्वच्छ दिसत असतील तर ब्राइटनेस दोन पायऱ्या कमी करा.