मोबाइल काढून घेऊ काय, मॅडम?

मागच्या कापूस हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एक आई माझ्याकडे समुपदेशनाला आली. बसायच्या आधीच तिनं विचारलं, "पोट्ट्याचा मोबाइल काढून घेऊ काय, मॅडम?" मुलगा 19 वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. घराचा यूपीआय त्याच्याच मोबाइलवर. कापसाच्या चुकाऱ्यातले 42 हजार त्यानं अकरा दिवसांत शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांत, घालवले होते. हा प्रश्न आता महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, म्हणून ओळख पटणार नाही अशा बेतानं लिहिते आहे.

मुलगा आला तेव्हा मी पैशाचा विषय काढलाच नाही. झोप लागते का, जेवण जातं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारलं. आपल्या भागात हे विचारायला लाजू नये. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. "दोन रात्री वाटलं होतं," तो म्हणाला. पहिल्या दोन भेटी त्यातच गेल्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये तिथंच सेव्ह करून दिला.

तिसऱ्या भेटीत वडील आले. "मले फसवलं यानं," एवढंच बोलून गप्प बसले. मी मुलाला सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, आकडा दाखवला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनचे सौदे करणाऱ्या शंभर सामान्य माणसांतल्या 93 जणांना तोटा झाला. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. आपण एकटेच मूर्ख ठरलो नाही, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

मग मी विचारलं, "तुमच्या कापसाला भाव कमी का मिळाला?" त्याला निफ्टीच्या मेणबत्त्या, म्हणजे शेअर बाजारातल्या भावाचे आलेख, वाचता येत होत्या, पण याचं उत्तर नव्हतं. वडिलांनी खिशातून घड्या पडलेली काटापावती काढली. तिच्याच पाठीवर आम्ही हिशोब मांडला. एका क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई (बी काढलेला कापूस) निघते, म्हणजे 75 पौंड. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात भाव पौंडाला सेंटमध्ये बोलला जातो. 65 सेंट आणि डॉलर 88 रुपये धरला, तर रुईचे झाले जवळजवळ 4,290 रुपये. घट वजा जाता उरलेली 64 किलो सरकी (बी) 35 रुपयांनी धरली, तर 2,240. त्यात 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्रानं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत काढलेलं, म्हणजे इथला भाव बाहेरच्या भावाला बांधलेला. मुलानं स्वतःच बेरीज केली, 6,530. हमीभाव होता 8,110; त्या भावानं सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, खरेदी करतं.

"बाबा, तुम्ही व्यापाऱ्याले कितीनं देल्ला?"

"साडेसहा हजारानं."

"सीसीआयले काहून नाही देल्ला?"

"त्याची नोंदणी मोबाइलवर असते म्हणे. कोन करते?"

खोलीत कोणीच काही बोललं नाही. मला ती शांतता अजून आठवते. घरात मोबाइल चालवणारा मुलगा होता, पण कापूस कुठं, कितीला विकायचा हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. कर्ज किती, तेही सांगितलं नव्हतं. "पोराच्या डोक्याले ताप कशाले," असं आईचं म्हणणं. प्रेमच होतं ते. पण घर बोलत नाही तिथं पैशाचं शिक्षण रील देते, आणि रीलवाल्याला आपल्या पोराची काळजी नसते.

म्हणून मी मोबाइल काढून घेऊ नका म्हणाले. ट्रेडिंगचं खातं बंद करायला लावलं, यूपीआय वडिलांच्या मोबाइलवर नेलं. मार-झोड तर नाहीच. रविवारी संध्याकाळी तिघांनी वही उघडून बसायचं. त्या वहीतून मुलाला सावकाराचे शेकडा 3 दिसले. महिन्याचे 3, म्हणजे वर्षाचे 36, हे त्यानंच बापाला समजावलं. बँकेचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंत व्याज लागत नाही, हेही त्यानंच शोधलं.

घरात अजून नऊ क्विंटल कापूस पडून होता. मुलानं 'कपास किसान' ॲपवर वडिलांची नोंदणी केली, सातबारा चढवला. ओलावा 12 टक्क्यांवर गेला तर सीसीआय घेत नाही आणि 8 पर्यंत असेल तरच पूर्ण भाव मिळतो, हे वाचून त्यानं चार दिवस कापूस अंगणात वाळवला.

त्या रविवारी आईचा फोन आला. "दोघं बापलेक कापूस पालटू राह्यले, मॅडम. मोबाइल खाटेवर पडला आहे."